खाडीचं चित्र घरी आणल्यावर मळकट का दिसतं? उजेड कुठे हरवतो ते शोधण्याच्या तपासण्या

तक्रार ठरलेली असते. वाशीला सागर विहारात किंवा ऐरोलीला खाडीकाठी बसून केलेलं चित्र तिथे असेपर्यंत झकास वाटतं. घरी आणून कपाटाला टेकवून ठेवलं की त्यातला उजेड पार गेलेला. आकाश राखाडी, पाणी शेवाळलेलं आणि सूर्य वरून चिकटवल्यासारखा नारिंगी. पुढच्या रविवारी मग पिवळा जास्त, पांढरा जास्त, कागदही महागातला. निकाल तोच.

अशी चित्रं समोर ठेवून बघितली की एक गोष्ट सारखी दिसते. रंग बहुतेकांचे बऱ्यापैकी बरोबर असतात, घोळ टोनमध्ये असतो. कुठली जागा किती गडद आणि तिच्या शेजारची किती उजळ, हा हिशेब बिघडलेला असतो. आणि तो बिघडण्याची कारणं बऱ्याचदा रंगपेटीच्या बाहेर असतात: कागदावर पडणारं ऊन, हातातला फोन, भरती-ओहोटीची वेळ. म्हणून तपासणी बाहेरून सुरू करा. रंगांकडे शेवटी वळू.

कागद उन्हात होता का?

सर्वांत जास्त चित्रं इथे मरतात, आणि याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो. डोळ्याची बाहुली आकसते, ओला रंग लखलखतो आणि लावलेली प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा फिकी वाटू लागते. हात आपोआप गडद रंग उचलतो. चित्र पूर्ण होतं तेव्हा उन्हात ते अगदी बरोबर दिसतं. पण दुपारच्या थेट उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, तर रात्री दिवा लावलेल्या बैठकीच्या खोलीत शे-दोनशे लक्स. उन्हाच्या हिशेबाने लावलेले टोन खोलीत आले की सगळे एकदम तळाला जातात. सागर विहारात जो आकाशाचा सोनेरी होता तो घरात हळदीच्या डागासारखा दिसतो.

खात्री करायची तर ते चित्र पुन्हा गॅलरीत उन्हात न्या. तिथे ते जिवंत झालं, तर दोष रंगात नाही, बसण्यात होता.

नवी मुंबईच्या काठावरून संध्याकाळी आपण पश्चिमेकडे तोंड करून बसतो, म्हणजे सूर्य समोर. बोर्ड मांडीवर आडवा ठेवला तर ऊन थेट कागदावर येतं. तोच बोर्ड स्टँडवर जरा उभा केला की ऊन त्याच्या पाठीवर पडतं आणि कागद सावलीत राहतो. जलरंगात बोर्ड फार उभा केला तर वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, खाली धावतो, म्हणून तिरपा ठेवून वर छत्री धरा. छत्री काळी किंवा राखाडीच हवी. निळ्या छत्रीखाली कागदच निळसर होतो, मग त्याची भरपाई म्हणून तुम्ही नकळत सगळं चित्र तांबूस करता. भडक रंगाच्या शर्टाचंही तेच. त्याची झाक कागदावर आणि ओल्या तैलरंगाच्या चकाकीत उतरते.

उलटा प्रकारही होतो. सूर्य गेल्यावर ‘आता थोडंच राहिलंय’ म्हणून प्रोमनेडवरच्या दिव्याखाली चित्र पूर्ण केलं जातं. दिवा पिवळा असेल तर कागदावरचे पिवळे दिसेनासे होतात आणि तुम्ही ते वाढवत राहता. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्र काविळीसारखं. दिवे लागले की डबा बंद करा. घरी काम करायचं असेल तर ५००० ते ६५०० केल्विनचा दिवा लावा, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या जवळपास रंग दिसतील.

सूर्य खरंच इतका पांढरा हवा का?

दुसरा मोठा घोळ म्हणजे सूर्य चित्रातला सर्वांत उजळ ठिपका असलाच पाहिजे असं धरून चालणं. त्यासाठी पांढऱ्यात पिवळा कालवून जाड थर लावला जातो, आणि सूर्य आकाशापासून सुटा होऊन पुढे येतो.

फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ साली फ्रान्समधल्या ल आव्र बंदरातला सूर्योदय रंगवला. ‘इम्प्रेशन, सनराइज’ हे ते चित्र. १८७४च्या पॅरिसमधल्या प्रदर्शनात ते लागलं आणि त्याच्या नावावरून टीकाकार लुई लरुआने सगळ्या गटालाच ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून चिडवलं. आज ते पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. हे चित्र फोनवर उघडा आणि कृष्णधवल करून बघा. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. हार्वर्डच्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी हेच दाखवून दिलं: त्या नारिंगी सूर्याची उजळपणाची पातळी भोवतीच्या निळसर राखाडी धुक्याइतकीच आहे. रंगाने तो ठळक, उजेडाने आसपासच्या आकाशाएवढाच. मेंदूचा जो भाग वस्तूची जागा आणि हालचाल टिपतो तो रंगाला जवळपास आंधळा असतो, म्हणून त्या सूर्याची जागा पक्की ठरत नाही आणि तो थरथरल्यासारखा वाटतो. चित्रातला सर्वांत गडद टोन आहे पुढच्या छोट्या होडीला. बाकी सगळं एका अरुंद पट्ट्यात, पातळ रंगात केलेलं. सकाळची ती दमट, अर्धवट जागी मनःस्थिती त्या अरुंद पट्ट्यातून येते.

आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी खाडीवर धुरकट थर असतो तेव्हा हुबेहूब हीच अवस्था असते. सूर्य ट्रॉम्बेच्या दिशेला लालसर गोळा होऊन उतरतो. अशा दिवशी त्याला पांढरा लावणं म्हणजे समोर जे दिसतंय त्याच्याशी भांडण. आधी आकाशाचा टोन ठरवा, मग त्याच टोनचा नारिंगी पॅलेटवर बनवा, दोन्ही ठिपके शेजारी शेजारी ठेवून डोळे किलकिले करून बघा. दोघांमधली कड विरली की रंग तयार झाला. शेजारचा निळसर राखाडी नारिंगीला आणखी पेटवतो. रंग शेजाऱ्यामुळे बदललेला दिसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्रलने १८३९ मध्येच नीट मांडून ठेवलं आहे, आणि इम्प्रेशनिस्टांनी त्याचा भरपूर उपयोग केला.

पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या स्वच्छ हवेत मात्र उलट असतं. तेव्हा सूर्याकडे बघवत नाही आणि खाडीवरचा चमकता पट्टा खरोखर सर्वांत उजळ असतो. जलरंगात तो पट्टा म्हणजे कोरा सोडलेला कागद. त्यापेक्षा उजळ तुमच्याकडे काहीच नाही, तेव्हा बाकी सगळं त्याच्याखाली आणायला हवं. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हाती दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, अनेकांनी छापील रूपात पाहिलेलं असतं. ते जलरंगातलं आहे. ज्योत तळहाताने झाकलेली आहे, तरी खोलीभर उजेड जाणवतो, कारण बोटांच्या फटींतल्या लालीभोवती आणि चेहऱ्याभोवती अंधार नेमका मोजून ठेवला आहे. खाडीकाठच्या चित्रात हा अंधार तिवरांकडे असतो. सूर्य समोर असताना तिवरांची झाडं हिरवी दिसत नाहीत. जवळपास काळपट जांभळी दिसतात. त्यांना पानांचा हिरवा दिला की मागचा सगळा उजेड फिका पडतो. फ्लेमिंगोंचंही तसंच. सूर्य त्यांच्या मागे असेल तर ते राखाडी ठिपके आहेत. गुलाबी रंगवायचा असेल तर सकाळी जा, ऊन आपल्या पाठीवरून त्यांच्यावर पडतं तेव्हा.

मनःस्थिती हवी असेल तर बसण्यापूर्वी एकच निर्णय घ्या: आजचं चित्र उजळ टोनच्या पट्ट्यात राहणार की गडद. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने तीनच टोनमध्ये पाच मिनिटांचं स्केच करा. आकाश, पाणी आणि काठ यांत सर्वांत मोठा फरक कुठल्या दोघांत आहे ते तिथेच कळतं. हे स्केच टाळणाऱ्यांची चित्रं मधल्या टोनमध्ये अडकतात. तक्रारीतला ‘मळकटपणा’ बहुतेक वेळा हाच असतो.

फोटोवरून केलं होतं का?

फोन तुमच्या परवानगीशिवाय टोन बदलतो. समोर सूर्य असला की तो आकाश दाबतो, सावल्या उजळ करतो आणि अनेक प्रती जोडून सगळं स्पष्ट दिसेल असा फोटो देतो. तिवरांची पानं दिसतात, पलीकडच्या इमारतींच्या खिडक्या दिसतात. डोळ्यांना हे काहीही दिसलेलं नसतं. त्या फोटोवरून चित्र केलं की सपाटपणा फोटोतूनच येतो. फोटो आकारांसाठी ठेवा. टोन जागेवरच लिहून आणा: शून्य म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे सर्वांत गडद, आणि स्केचमधल्या प्रत्येक भागावर एक आकडा. ही सवय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त कामाला येते.

उजेड पळतो, आणि पाणीही

सनसेटवरचे धडे बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतल्या चित्रकारांचे असतात, त्यांतला वेळेचा हिशेब इथे चालत नाही. ल आव्र साडेएकोणपन्नास अंश उत्तरेला, ठाणे एकोणीस अंशावर. तिथे सूर्य तिरका उतरतो, इथे जवळपास सरळ खाली. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये क्षितिजापासून दहा अंश वर असलेला सूर्य बुडायला तिथे तासभर घेतो, इथे जेमतेम पाऊण तास. पुढचा संधिप्रकाशही आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो. तेव्हा अर्धा इम्पिरियल (साधारण १५ बाय २२ इंचांचा) कागद घेऊन संध्याकाळी साडेपाचला बसलात तर सुरुवात एका उजेडात आणि शेवट दुसऱ्याच उजेडात होणार. सावल्या एकीकडच्या, चमक दुसरीकडची. चित्रात दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा एकत्र आल्या की मूड राहत नाही, बघणाऱ्याला कारण कळलं नाही तरी खटकतं.

मोने एकाच जागेचे अनेक कॅनव्हास सोबत ठेवायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. फ्रान्समधल्या रूआं शहराच्या कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं अशीच झाली. आपण एका कागदाचे चार भाग करून घ्यावेत, प्रत्येकाला वीस मिनिटं. पहिल्या वीस मिनिटांत सावल्यांच्या कडा पक्क्या करा आणि पुढे सूर्य कितीही सरकला तरी त्यांना हात लावू नका.

‘उरलेलं उद्या त्याच वेळी येऊन करू’ असं म्हणणाऱ्यांसाठी वेगळी अडचण आहे. सूर्य उद्या त्याच वेळी तिथेच असेल, पण खाडी नसेल. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज सहा वाजता काठोकाठ पाणी होतं तिथे चार दिवसांनी सहाला पाणी निम्म्यावर आणि आठवडाभराने नुसता गाळ. उजेड आणि पाणी यांची तीच जोडी पंधरवड्याने परत येते. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. घड्याळ लावण्याइतका तो नेमका नाही, शिवाय खाडीत आत आत भरती थोडी उशिरा पोचते, पण रविवारचा बेत ठरवायला पुरतो. नेमकी वेळ हवी असेल तर भरतीचं कोष्टक बघा.

याचा चित्राला सरळ उपयोग आहे. अष्टमीच्या आसपास सूर्यास्ताला खाडी भरलेली मिळते, आकाशाचे रंग अख्ख्या पाण्यावर पसरतात. अमावास्या-पौर्णिमेला सहाच्या सुमारास ओहोटी असते, पाणी लांब गेलेलं आणि समोर ओला चिखल. पुष्कळजण तो चिखल बघून निराश होतात, पण माझ्या मते खाडीवरचा सर्वांत सुंदर उजेड तोच. ओला गाळ गुळगुळीत असतो, त्याच्यावर लाट नसते, म्हणून आकाश पाण्यापेक्षाही तो स्वच्छ परत देतो. मधून जाणाऱ्या पाण्याच्या बारीक वाटा चांदीच्या रेषांसारख्या उठतात, आणि पाय रोवून उभे असलेले बगळे त्यावर काळे दिसतात. बेलापूरच्या दिवाळे गावाला किंवा ऐरोलीला अशा संध्याकाळी जाऊन बघा. चिखलाला बर्न्ट अंबर लावू नका. वर आकाशाचा जो रंग आहे तोच, अर्ध्या टोनने गडद करून, आडवा लावा. तपकिरी फक्त तुमच्या पायाजवळच्या पट्ट्यात.

ठाण्याच्या बाजूला, गायमुखला, खाडीच्या पलीकडच्या डोंगरांकडे बघून बसलात तर ऊन समोरून नाही, डावीकडून येतं. तिथे सूर्याचा प्रश्न नसतो, डोंगरांच्या उजळ आणि सावलीतल्या बाजूंमधला फरक सांभाळावा लागतो. लांबच्या डोंगराची सावली जवळच्या झाडाच्या सावलीइतकी गडद झाली की मधली सगळी हवा निघून जाते.

पाणी पाण्यासारखं का दिसत नाही?

पाण्याकडे सरळ खाली बघितलं तर ते दोनेक टक्केच प्रकाश परत फेकतं आणि आतला गढूळपणा दिसतो. नजर जितकी तिरकी तितकं प्रतिबिंब जास्त. म्हणून काठाजवळचं पाणी खाडीच्या गाळाच्या रंगाचं आणि लांबचं आकाशाच्या रंगाचं. एकच निळा वरपासून खालपर्यंत ओढला की पाणी उभी भिंत होतं. त्यातही वारा असेल तर दूरच्या लाटांच्या आपल्याकडे झुकलेल्या बाजूंवर आकाशाचा वरचा, गडद भाग पडतो, त्यामुळे क्षितिजाजवळ पाणी आकाशाच्या कडेपेक्षा किंचित गडद ठेवावं लागतं. सूर्याचा चमकता पट्टा नेहमी सूर्याच्या बरोबर खाली, तुमच्याकडे येणारा. रचनेच्या हौसेपोटी तो तिरका केला तर चित्र कोसळतं.

आणि सगळीकडे सारखे ठिपके मारणं म्हणजे इम्प्रेशनिझम नव्हे. फटकारा लांब गेल्यावर बारीक आणि आडवा होतो, जवळ येताना रुंद आणि तुटक. पुलाचे खांब उभे, त्यांची प्रतिबिंबं मोडलेली. गडद खांबाचं प्रतिबिंब खांबापेक्षा थोडं फिकं.

आता रंगपेटी

इथवर सगळं ठीक असूनही मळ येत असेल तर तीन गोष्टी बघा. पाण्याचं भांडं एकच आहे का? दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक स्वच्छ रंग भिजवायला. एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग आहेत का? खाडीच्या राखाडीसाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एवढे दोन पुरतात. निळा वाढवला की थंड, तांबडा वाढवला की उबदार. ओला वॉश वाळण्याआधी पुन्हा हात फिरवला का? पावसाळ्यात दमट हवेत वॉश फार वेळ ओला राहतो आणि मे महिन्यात वाऱ्यावर पटकन वाळतो. दोन्ही ऋतूंत घाईचे परिणाम वेगवेगळे, पण मळ सारखाच.

अॅक्रिलिक किंवा तैलरंगवाल्यांचा गुन्हेगार बहुतेकदा टायटॅनियम व्हाइट असतो. तो फार जोरकस आणि थंड आहे, संध्याकाळचा उबदार नारिंगी त्याच्यात खडूसारखा पांढुरका होतो. उजळ करायचं तर पांढऱ्यात आधी चिमूटभर यलो ओकर किंवा कॅडमियम यलो मिसळून घ्या आणि मग तो वापरा. शिवाय अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं आणि जलरंग फिका. दोन्ही माध्यमांत एकाच अंदाजाने काम केलं तर एक तरी चित्र फसणारच.

बिघडलेलं चित्र वाचतं का?

कधी कधी वाचतं. जलरंगात उजेडाची जागा स्वच्छ ओल्या ब्रशने भिजवा, मिनिटभर थांबा, टिश्यूने टिपा, घासू नका. अल्ट्रामरीन बराच निघतो. थॅलो ब्लू आणि अॅलिझरिन कागदात मुरतात, ते निघणार नाहीत. तिथे प्रयत्न केला तर कागदाचे धागे उठतात. मग उजेडाला हात न लावता शेजार गडद करा. पुढच्या होडीला किंवा तिवरांच्या एका झुपक्याला ठसठशीत गडद टोन द्या आणि दोन मीटर मागे जाऊन बघा. अनेक चित्रं एवढ्यानेच उघडतात. अॅक्रिलिकमध्ये ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रव्य) घालून पारदर्शक उबदार थर आकाश आणि पाणी दोन्हींवर एकदमच फिरवा, म्हणजे दोघं पुन्हा एका उजेडात येतात.

त्यानेही झालं नाही तर पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कापून चित्रावर सरकवत राहा. सबंध कागद मधल्या टोनमध्ये बुडालेला असला तरी कुठेतरी तळहाताएवढा तुकडा असतो जिथे फरक नेमका पडला आहे. तो कापून ठेवा, मागे तिथी आणि वेळ लिहा, आणि पुढच्या वेळी तोच तुकडा समोर ठेवून टोन लावा. उरलेल्या कागदाची पाठ पोस्टकार्डाच्या आकाराच्या स्केचेससाठी वापरता येते.